रीडिंग

वीज मंडळात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या भिंतींवरचे आकडे उतरवून घेतले.
कंपू, जनकगंज, माधवगंज, सगळं लष्कर पायाखालचं.
लोक दार उघडायचे ते तोंड वाकडं करून.
आता पहाटे साडेचारला मी घरातल्या घरात फिरतो,
कानावर पेन, हातात वही.

मुनीमजी : सलाईन शंभर मिली, मानेच्या कातडीखाली.
लघवी दोनदा. वजन दोन किलो नऊशे,
गेल्या मंगळवारपेक्षा चाळीस ग्रॅम कमी.
चाळीस ग्रॅम म्हणजे किती,
तर एक लिंबू.
दर आठवड्याला कुणीतरी त्याच्यातून
एक लिंबू काढून नेतं.

जिलेबी जन्मापासून गोल गोल चालते,
ताटलीकडे निघते आणि भिंतीशी पोचते.
तिला नाही, ताटलीलाच सरकवायचं,
हे कळायला मला वर्ष लागलं.
साडेतीनला पाय तेवढेच.
थानेदाराला दात नाहीत, गुरगुर शाबूत.
गंगी मागून लुळी; दोन बोटांनी पोट दाबून
दिवसातून तीनदा तिला मोकळं करावं लागतं.
पहिल्यांदा जमलं तेव्हा डॉक्टर कुशवाह म्हणाले,
"लो काका, अब आप हमारी छुट्टी करोगे,"
आणि मी बढतीचा कागद मिळाल्यासारखा
टेम्पोत बसून घरी आलो.

खूळ खरं तर कुमुदचं.
पिल्लं काय, कुणीही नेतं, म्हणायची,
आणि पिशवीतून भाजीऐवजी
कुणाचं तरी टाकलेलं म्हातारपण काढायची.
ती गेली तेव्हा घरात अकरा होती.
तेराव्याला जेवून उठताना मेहुणे म्हणाले,
"आता यांचं कसं व्हायचं?"
मला वाटलं, माझ्याबद्दल विचारतायत.

ग्वाल्हेरची जानेवारी जुनी हाडं नेमकी ओळखते.
तीन हीटर, दोन गरम गाद्या,
आणि मीटर असा पळतो की
रीडिंगला येणारा नवा पोरगा चष्मा पुसून पुन्हा बघतो.
लिही बाबा, म्हणतो मी,
छेडछाड नाही, म्हातारे आहेत आत.

फाटकावर पाटी लावली आहे, हिंदीतच :
दहा वर्षांखालचं घेतलं जाणार नाही.
मी बहात्तर. हिशेब साधा,
मी यांना पोचवायचं,
यांनी मला नाही.

तर परवा, धुक्यात, गजकच्या खोक्यात
दीड महिन्याचं एक.
दोन्ही डोळे चिकटलेले, आत काही नाही.
खोक्यावर अजून तिळाचा वास.
"ऐसे अठारा-अठारा साल जीते हैं काका,"
डॉक्टर म्हणाले, खुश होऊन,
आणि मग माझ्याकडे बघून
उगाच स्टेथोस्कोप गुंडाळत बसले.

वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना आहे :
कुठवर.
तिथे मी आजवर एकच शब्द लिहीत आलो,
शेवटपर्यंत.
कुणाच्या,
हे विचारायची पाळी आली नव्हती.

पाटीवर नियम आहे. नियम मीच केला आहे.
दोन दिवस खोकं फाटकाच्या आतल्या बाजूला होतं,
म्हणजे घरात नाही, असं माझं म्हणणं.
तिसऱ्या दिवशी खोकं रिकामं.
पिल्लू ओसरीवर, जिलेबीच्या घेऱ्याच्या मधोमध,
आणि ती त्याच्याभोवती, नेहमीसारखीच,
कुठेतरी जायला निघालेली.

समोरच्या भदौरियांची रिंकू येते कधीमधी,
पॉलिटेक्निकला जाता जाता, नाकाला ओढणी लावून.
तिला वही दाखवली नाही.
नुसतं म्हटलं, ही सलाईनची बाटली जरा उंच धर.
धरली तिने.
हात अवघडला तेव्हा दुसऱ्या हातात घेतली,
खाली ठेवली नाही.
बघितलं मी. बोललो नाही काही.

रात्री पिल्लाचं पान उघडलं.
नाव : अजून नाही.
कुठवर : कोरं.
वजन तेवढं टाकलं, चारशे दहा ग्रॅम.
म्हणजे दहा लिंबं,
वर थोडं.