उसनं हाड

सुक्रेच्या इस्पितळात, तळघरात,
माझ्या यंत्राला एकच काम:
डोक्याभोवती एक फेरी मारायची.
"हनुवटी टेकव. गिळू नकोस.
वीस आकडे मोज, मनात."

एउलोखियो चोके, वय नऊ,
ताराबुकोच्या पलीकडून पाच तास बसने आलेला.
ओठ तान्हेपणीच शिवलेला,
वरच्या हिरडीतली फट मात्र तशीच.
सूप प्यायला की नाकातून यायचं,
म्हणून शाळेत तो पाठ करून जेवायचा.

डॉक्टर वाल्दिविएसोंनी कमरेचं हाड खरवडलं,
ओल्या रव्यासारखं,
आणि त्या फटीत दाबून भरलं.
तीन आठवडे पोरगा लंगडत होता.
"कमरेचं हाड तोंडात गेलं,
म्हणजे आता माझं तोंड चालेल?"
आई, दोन्या सातुर्निना, टोपी सावरत म्हणाली,
"आधी काय कमी चालत होतं?"

फट होती १.१२ घन सेंटिमीटर.
सहा महिन्यांनी मी एकेक काप उघडते,
माऊसने हाडाची कड रंगवते,
साखरेच्या दाण्याहूनही बारीक चौकोन,
चोवीस हजारांवर भरले.
दातांवरच्या तारेचे पांढरे फराटे मध्येच घुसतात,
ते हाड नव्हे, ते पुसायचे.
माझी बेरीज ०.६६.
डॉक्टरांची, माझी न बघता केलेली, ०.६९.
त्या तीन शतांशांवरून आम्ही दुपारभर भांडलो,
कॉफी गार झाली.

सातुर्निनाला टक्के कळत नाहीत असं नाही,
बाजारात बटाटा विकते ती.
"शंभरातले एकोणसाठ? बाकीचं कुठं गेलं?"
अंगात जिरलं, मी म्हटलं.
"तुमच्याकडे तूट फार," ती म्हणाली,
आणि पिशवीतून उकडलेलं मक्याचं कणीस काढून
माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच फेरी.
पडद्यावर, उसन्या हाडाच्या मधोमध,
सुळा.
वर कुठेतरी आडवा पडून होता इतकी वर्षं,
आता वाट मिळाल्यासारखा खाली निघालेला.
यंत्राला दात काय, हाड काय, सारखंच पांढरं.
दात वेगळा काढायचं काम माझं.
कापाकापातून तो मी खोडत गेले
आणि आकडा खाली आला: ०.५८.

तक्ता म्हणतो, घट.
शंभरातले बावन्न.
अहवालाच्या आलेखात आमचा ठिपका
रेषेच्या खाली उतरेल,
लिमाच्या परिषदेत कुणीतरी भुवई उंचावेल.

बाहेर बाकावर एउलोखियो
कणसाला तोंड लावून बसलाय.
चावलेल्या जागी दातांची रांग उमटलीय,
एके ठिकाणी दोनच दाणे शिल्लक,
सुळा अजून पुरता उतरलेला नाही तिथे.

शेवटच्या रकान्यात शेरा लिहायला
बोटभर जागा असते.
मी लिहिलं: दात येतोय.
मग 'कणीस खाल्लं' असंही लिहिलं,
आणि ते खोडलं नाही.