बुडबुडा चालत नाही

चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी.
काठोकाठ भरायची, वर पाण्याचा घुमट येईपर्यंत,
मग झाकण, मग उलटी करून बोटाने टिचकी.
आत हवेचा एक बुडबुडासुद्धा चालत नाही;
मोजायच्या आधीच ते त्यात निसटून जातं.

न्यू हॅम्पशायरच्या या रस्त्यावर
अठरा वर्षं मी एवढंच करतेय.

पहिल्या दिवशी रोझाल्मा तिबो दारातच म्हणाली,
नळाला टर्पेंटाइनचा वास येतो.
कापडगिरणीत तीस वर्षं काढलेलं नाक,
यंत्राआधी त्याला कळलं.
कागद आला: अब्जात बहात्तर भाग.
म्हणजे किती?
म्हटलं, परसातल्या पोहायच्या तलावात एक चमचा.
ती म्हणाली, आणि चमचा कुणाचा?

एल्झेआरचा. म्हणजे फक्त त्याचा नव्हे.
चौकात त्याचा पंप, खाली गंजकी टाकी,
एका सांध्यातून वर्षानुवर्षं थेंब थेंब.
पण नोटिशीवर नाव त्याचंच लागलं.
चर्चमध्ये तो मागच्या बाकावर सरकला.
टाकी उपटून काढली तेव्हा खड्ड्याच्या काठावर
टोपी हातात घेऊन उभा होता,
जणू कुणाला पुरताहेत.

पेट्रोलमध्ये ते घातलं होतं हवेसाठी.
धूर घटावा, शहरातल्या पोरांची छाती मोकळी व्हावी.
झालीही असेल.
बाकीचं पेट्रोल मातीला बिलगून राहतं,
हे मात्र पाण्याचा हात धरून चालू लागलं
ग्रॅनाईटच्या भेगांतून,
कुणाची विहीर कुठे संपते ते न विचारता.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं जो तो म्हणत होता.
अक्षरशः मुरत होतं.

मग बंदी.
पंपावर नवा स्टिकर: आता मक्याचं इथेनॉल.
रोझाल्माचा भाचा आयोवात शेती करतो.
त्याचं नाताळचं पत्र: मक्याला भाव आला,
उतारावरचं कुरणही नांगरलं, नवा ट्रॅक्टर घेतला.
आणि कडेला, तिरक्या अक्षरात:
बाळासाठी पाणी विकतचं आणतो,
विहिरीत नायट्रेट निघालं.
तिने ते फ्रीजवर लावलं, माझ्या आकड्यांशेजारी.

बहात्तर. एकसष्ट. एकसष्ट.
चव्वेचाळीस.
बर्फ फार वितळला त्या वर्षी पुन्हा अठ्ठावन्न.
कायदा वरून येतो, खडकात उतरायला
त्याला पाण्याइतकाच वेळ लागतो.
वीस. नऊ.
गेल्या खेपेला आकडाच नाही, दोन शब्द: आढळले नाही.

रोझाल्मा आता एकोणनव्वदची.
अजून नळाचं पीत नाही.
आज पेला भरून माझ्यापुढे धरला:
माझं नाक गेलं गं, तू बघ.
मी वास घेतला. काहीच नव्हतं.
पण मला बहात्तरलाही कधी आला नव्हता,
हे तिला कसं सांगू?

कुपी भरली. झाकण. उलटी. टिचकी.
मोहरीएवढा बुडबुडा वर चढला.
ओतून दिली तिच्या जिरेनियमला,
आणि पुन्हा नळ सोडला.