चिल्लर

बेक्किनकेरेहून पहाटेची पहिली बस.
आईचं तिकीट शून्याचं, माझं तीस रुपयांचं.
मी पाचशेची नोट काढतो.
कंडक्टर नोटेकडं बघतसुद्धा नाही.
"चिल्लर कोड्री."

आईच्या मांडीवर डबा,
डब्यात आमच्याच रानातली उकडलेली रताळी.
सालीच्या खोबणीत
अजून थोडी तांबडी माती.

आठवीला हुंदरे बाईंनी
जास्वंदीची कुंडी दोन दिवस कपाटात कोंडली,
मग एका पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून
दिवसभर उन्हात ठेवली.
पान स्पिरिटात उकळलं, वर आयोडीन.
उजेडातला भाग निळाकाळा, दौत सांडल्यासारखा.
पट्टीखालचा कोरा.
"हे पासबुक," बाई म्हणाल्या.
"पाणी मुळांचं, हवा आपण टाकलेली, ऊन फुकटचं.
एवढ्यावर पान साखर करतं
आणि प्राणवायू वाटून टाकतं,
लोणी काढल्यावर शेजाऱ्यांना ताक द्यावं तसा."

"मग रात्री?" भरमानं मागून विचारलं.
"रात्री नुसता खर्च.
श्वास पानालाही असतो रे,
दिवसा आणि रात्री."

पुढचं बाईंनी सांगितलं असेल,
मी खिडकीबाहेर होतो.
समोर वनखात्याची भिंत, तिच्यावर कानडीत:
हसिरे उसिरु.
हसिरु म्हणजे हिरवं, उसिरु म्हणजे श्वास.
पहिलं अक्षर तेवढं वेगळं.
मी ते जोडून जोडून वाचत बसलो
आणि तास संपला.

पुढचं मला सिव्हिलमध्ये कळलं,
नऊ नंबरच्या खाटेजवळ.

बाबांनी बावीस वर्षं उद्यमबागेत साचे भरले.
लोखंड ओतायचं ते दुसरे,
हे वाळू चाळायचे.
ती वाळू आता छातीत बसली आहे,
कुणी चाळून काढू शकत नाही.
नाकात नळी. उशाशी दूध, गूळ, केळी,
सगळ्या मोठ्या नोटा.
पण पेशीत नोट चालत नाही.
तिथं साखर मोडून घ्यावी लागते,
थोडी थोडी, जाळ न करता जाळून,
आणि मोडून देणारा
प्राणवायू आल्याशिवाय गल्ला उघडत नाही.
पापणीला एवढे, बोटाला एवढे,
काळजाला रोख, थांबत नाही ते.

"खावा की थोडं," आई रताळं कुस्करते.
"खातो गं. दम कुठं हाय खायला."

घास. मग तीन श्वास.
पुन्हा घास.
गेल्या श्रावणातलं ऊन
वेलाच्या पानातून देठात, देठातून मातीखाली,
तिथून आईच्या बोटांवर,
आणि आता त्यांच्या ओठाशी थांबलेलं.

खिशात काहीतरी टोचलं.
बसचं तिकीट. पाठीमागं निळ्या पेनानं
४७०, भोवती गोल.
स्टँडवर उतरताना मागायचं राहिलंच.

बाबांना दाखवलं.
त्यांनी आधी तिकिटाकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि हसले, आवाज न करता.
एवढं त्यांनी कुठून काढलं
कुणास ठाऊक.
नंतर बराच वेळ
डोळे मिटून ते फेडत होते.