बावीस बाण

पानशेतच्या पुढे डांबर संपतं,
मग खडी, मग मोबाईलची शेवटची काडी,
मग हिरडवाडी.
मी उतरले तेव्हा पिशवीत
लिटरभर पांढरा ऑइलपेंट, दोन इंची ब्रश
आणि संस्थेचं पत्र :
रविवारी येणाऱ्यांसाठी वाटांवर बाण काढावेत.
एकूण चाळीस.

सरपंचांनी सोबत धाडलं सगुणा पोळेकरला.
पायात नवऱ्याचे प्लास्टिकचे बूट, कमरेला कोयता,
आणि चालणं असं
की पाचोळ्याला पत्ता लागू नये.

पहिला बाण उंबराखालच्या धोंड्यावर.
दुसरा ओढ्यापल्याड.
तिसरा तिनं मान वाकडी करून पाहिला.
"एवढा टोकदार कशाला?
कुणी भांडून घराबाहेर काढल्यागत दिसतं."
पुढच्यांची टोकं मी जरा बोथट केली.

माझ्या मनगटावर घड्याळ मोजत होतं
एक पूर्णांक चार, एक पूर्णांक नऊ.
तिची मापं निराळी.
ही दुधाची वाट :
पहाटे धार काढून निघालं, तर दूध नासायच्या आत
लाँच गाठता येते, एवढी लांब.
ही बाळंतिणीची :
डोलीचे चार खांदे मावावेत, एवढी रुंद.
ही ढोरांनी पाडली,
आम्ही नुसते मागनं गेलो.
"आणि ही?"
"ही तुमच्या लोकांची. दोन पावसाळ्यांत झाली.
बघा कशी सरळ सुटलीय खाली.
ढोरं अशी उतरत नाहीत कधी."

दुपारी ऐनाच्या सावलीत भाकरी सोडली.
वर शेकरू काहीतरी कुरतडत होतं,
टरफलं आमच्या चटणीत.
ती म्हणाली, "माणसं येतात, वर जातात, खाली येतात.
ना हिरडा आणत, ना मध, ना काटकी.
एवढा घाम गाळून रिकाम्या हातानं घरी?"
मी म्हटलं, व्यायाम.
तिनं बराच वेळ विचार केला
आणि तिच्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली.

कारवीतनं बाहेर आलो तर वाट फुटली.
एक डोंगराच्या सोंडेवर,
एक खाली, दगडी कड घातलेली,
कुणीतरी मन लावून बांधलेली.
मी ब्रश बुडवला.
"ही कुठे जाते?"
"ही जात नाही. ही येते."

खाली धरणाचा फुगवटा.
वाट चालत चालत पाण्याशी गेलेली
आणि थांबलेली नाही,
आत दिसत होती आणखी दहा-बारा पावलं,
हिरवी, मग नुसती हिरव्याची खात्री.
एक ढोकरी काठाच्या दगडावर,
इथलीच असल्यासारखी.

"माझा आजा हिच्यावरनं वर आला
डोक्यावर जात्याची खालची तळी घेऊन.
म्हणाला, दुसऱ्या खेपेला वरची आणतो.
दुसऱ्या खेपेला पाणी उंबऱ्यात होतं."
मग जरा हसून,
"अर्धं जातं आहे अजून न्हाणीत.
आम्ही टाचा घासतो त्याच्यावर."

ब्रशाचा एक थेंब गळून बोटावर पडला.
बाण खाली काढला तर चूक,
वर काढला तरी
वर तर आम्ही उभ्याच होतो.
मी डब्याचं झाकण लावलं. बसेना,
तिनं कोयत्याच्या पाठीनं ठोकून बसवलं.

संस्थेला कळवलं : बावीस झाले, रंग संपला.
अर्धा डबा तिच्याकडेच आहे.
पुढच्या महिन्यात फोन आला,
त्या फाट्यावर लोक गोंधळतात म्हणे,
काही जण खाली उतरून
नुसतेच बसून राहतात, उशीर करतात,
तिथे एक बाण हवा होता.
मी बरं म्हटलं.

अंगठ्याच्या नखावर, अगदी मुळाशी
पांढरा ठिपका राहिला होता.
टर्पेंटाइननं गेला नाही.
भाजी चिरताना, बसचं तिकीट धरताना
दिसायचा,
कणाकणानं वर येत असलेला.