लवू तांडेलाची वही

बर्फाच्या कारखान्यात कारकून होतो मी तेव्हा
लवू तांडेल काखेत वही घेऊन आला.
निळा पुठ्ठा, दोनशे पानं.
"लिव," म्हणाला, "अक्षर चुकता माझा, आकडो चुकना नाय."
एकतीस वर्षं झाली.
सुरमई-पापलेटाच्या हिशेबाखाली
दडवून ठेवत आलो त्याची आवक-जावक.

पहिली नोंद मोचेमाडच्या जत्रेतली.
पेट्रोमॅक्सखाली तीनपानी.
आवक सव्वीस रुपये, घड्याळ एक.
(घड्याळ दुसऱ्या दिवशी परत.
मालकाची बायको बंदरावर येऊन उभी राहिली,
बोलली काहीच नाही.)
त्याच रात्री दशावतारातला राजा
मुकुट बाजूला ठेवून फडात बसला.
गालावरचा रंग घामाने ओघळताना दिसला, आणि लवूने
आपले पत्ते न उचलताच चाल वाढवली.
"माणसाक बघूचा," मला म्हणाला, "पत्त्याक नाय."
राजा अर्ध्या बिदागीवर उठला.
उरलेलं सोंग त्याने फार सुंदर केलं म्हणतात.

मग सावंतवाडीचं लॉज, बेळगावचा क्लब,
आणि शेवटी मांडवीतलं ते जहाज,
जे कुठेच जात नाही.
तिथला खेळ वेगळा.
पाच पत्ते मधोमध, सगळ्यांचे. दोनच आपले.
मी विचारलं, जमतं कसं?
"दर्या सगळ्यांचो. होडी तेवढी आपली."

आता गावात कुणालाही विचारा,
ते सांगतील दिल्लीच्या बिल्डरची गोष्ट:
लवूच्या हातात सत्ती-दुर्री, समोर तीन राजे,
लवूने सगळी रास पुढे सारली,
विडी पेटवली,
आणि तीन राजे उलटे पडले.
दर गणपतीत रास लाखभराने वाढते.

माझ्या वहीत ती रात्र अशी आहे:
टाकले. टाकले. टाकले.
अकरा तास. जावक बारा हजार चारशे.
जाळ्यात आलेली नको ती मासळी
होडीवरून मागे भिरकवावी
तसे टाकलेले पत्ते, पानभर.
त्यांची गोष्ट कोण सांगणार?
मी म्हटलं, लवू, खोटं आहे हे, सांगून टाकू.
"आसांदे रे.
लोक घाबरले की पत्ते टाकतत.
ती सुद्धा आवकच."
ती कुठल्या रकान्यात लिहू, ते मात्र सांगितलं नाही.

हल्ली त्याची करंगळी थरथरते.
पत्ता चांगला आला तरी, चहाचा कप आला तरी.
धक्क्यावरची पोरं मोबाईलवर खेळतात,
त्याला बोलावतात, काका, शिकवा.
तो काचेवर थोडा वेळ वाकतो.
"समोर माणूसच नाय. मगे बघूचा कोणाक?"

काल आला. कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली,
तरी आम्ही बसतो त्याच पायरीवर.
"बेरीज कर," म्हणाला. "सगळ्याची."
रात्रभर केली. दोनदा ताळा घेतला.
सकाळी वही त्याच्या मांडीवर ठेवली
आणि समुद्राकडे बघत राहिलो,
ओहोटीकडे, वाळत घातलेल्या जाळ्यांकडे,
चेहरा होईल तेवढा कोरा ठेवून.

त्याने वही उघडलीच नाही.
माझ्याकडे बघितलं,
विडी विझेपर्यंत.
"कळला," म्हणाला.
चहाचे पैसे दोघांचे त्यानेच दिले.