विल

गोळीबार चौकाच्या मागे, कूलरच्या खरखरीत
मी पाच जणांना भविष्यकाळ शिकवते.
सोपं आहे: क्रियापदाआधी विल ठेवायचं,
मग मागचं ईडी-बिडी गळून पडतं,
वेन्टचा पुन्हा गो होतो,
केलेलं सगळं न केलेलं.

दुर्वेश म्हणतो, सूर्य तं रोजच उगवते,
त्याले काऊन विल लावाचा?
शेजारचा पॉवरलूम खटखटत राहतो.
मी म्हणते, लाव. परीक्षेला आहे.

आपल्याकडे ते मागून येतं, फळ्यावर लिहिते:
ठरवील, बोलवील, घडवील.
इंग्रजीत आधी. एवढाच फरक.
एवढाच नाही खरं तर, पण पाच वाजत आले होते.

प्रश्न सातवा: माय ग्रँडफादर डाइड.
यामिनी हेडाऊनं लिहिलं, विल डाय,
आणि वही दिलीच नाही, धरून ठेवली.
मॅडम, म्हंजे आबाजी आहेत अजून?

लाल पेनाचं टोपण माझ्या दातांत.
वाक्य बरोबर होतं, स्पेलिंगही.
वाक्यात म्हातारा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
खर्रा घोटत बसला होता,
आणि मरण अजून नुसतं मूळ रूप,
काही न चिकटलेलं.

एक गुण दिला. पैकीच्या पैकी.

सुटल्यावर चपलांच्या ढिगात चप्पल शोधत ती म्हणाली,
आमी जाऊन राहिलो, मॅडम.
हा काळ पुस्तकात नाही.
ये म्हटलं,
आणि कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं.