पायाळू

नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो इथून,
जानेवारीत परततो. तोवर
वार्डोच्या खिडक्यांत भरदुपारी दिवे.
सुन्निवा आली ती अशाच एका दुपारी,
एक हात भिंतीला, एक कमरेखाली,
बुटांचे बंद सुटलेले.
"बांधता येत नाहीत," म्हणाली, "तीन आठवडे झाले."

मी आधी बंद बांधले.
मग विचारलं, कुठं दुखतं.

माशांच्या कारखान्यात ती पट्ट्यापाशी उभी असते,
आठ तास, सगळा भार उजव्या पायावर,
डावीकडून आलेला कॉड उजवीकडे सरकवत.
पोट वाढत गेलं तशी ती मागे सरकली,
हात मात्र तिथंच पोचवत राहिली.
पाठ एवढंच सांगत होती.
पाठी दिवसभर बोलतात, पण एकच वाक्य.

माझ्या टेबलात मधोमध एक फळी आहे, ती खाली उतरते.
सातव्या महिन्यात पालथं झोपायला मिळणं!
बाया आधी हसतात, मग काही जणी रडतात.
सुन्निवा घोरली.
त्याआधी विचारलं होतं, "कडकन आवाज येणार का?"
"आला तर रेडिएटरचा."

तळहात माकडहाडाच्या जरा वर.
दाब एवढाच, पाव भाजला का म्हणून
बोटानं बघतात तेवढा.
एक श्वास, दुसरा. तिसऱ्याला हाड
जागचं हललं, किंवा मला तसं वाटलं.
चौतीस वर्षं झाली,
या दोहोंतला फरक अजून सांगता येत नाही.

पस्तिसाव्या आठवड्यात ओशिल्द सुईणीनं पोट चाचपून सांगितलं:
डोकं वर, पाय खाली.
सुन्निवानं कुणाकडून तरी ऐकलेलं,
कंबर मोकळी झाली की बाळ फिरतं.
"फिरव ना त्याला,"
जशी काही मी त्याची शाळेतली बाई.
मी म्हटलं, तुझं दुखणं हलकं करून बघते,
फिरायचं की नाही, ते त्याचं तो बघेल.

तरी ती दर मंगळवारी आली,
बर्फावर स्कीची एकच काठी टेकत.
आणि तो दर मंगळवारी तसाच बसलेला,
शेवटचा थांबा आला तरी
बसमधून न उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

किर्केनेसला विमानानं नेली. पोट कापून काढला.
तुरगैर तेव्हा बोटीवर, बारेंट्स समुद्रात;
त्याला रेडिओवर कळवलं, मध्येच खरखर,
मुलगा की मुलगी ते त्यानं तीनदा विचारलं.

मार्चमध्ये पुन्हा दारात.
बूट तेच, बंद बांधलेले.
पाजून पाजून उजवा खांदा कानाला भिडलेला,
मनगट सुजलेलं,
टाक्यांपाशी वाकताना श्वास कोंडून धरायची सवय.
ती उताणी झोपली. मी मानेखाली दोन्ही हात घातले.
छताकडं बघत तिनं विचारलं,
"आपलं काही चुकलं का?"

आपलं.
हा शब्द आणि तिचं डोकं, दोन्ही
बराच वेळ माझ्या हातांत जड.
माझी आई तिसऱ्या दिवशी धक्क्यावर गेली होती मासे चिरायला.
तिच्या मानेखाली कुणी हात घातल्याचं
ऐकिवात नाही.
"नाही गं," म्हटलं. "त्याला आधी पाय दाखवायचे होते."

ती तोंड धुवायला आत गेली.
बाळ टेबलावर. लोळू नये म्हणून
मी कडेला टेकले, त्याच्याकडं पाठ करून, एक हात मागं त्याच्या छातीवर.
खरं सांगायचं तर टेकायला निमित्तच हवं होतं:
सकाळी दारातला बर्फ उपसताना
माझ्याच कमरेत उसण भरलेली.
पेशंटना असलं सांगत नसतात.

त्यानं पाय झाडला.
थांबला. मग नेम धरल्यासारखा
पुन्हा एकदा, नेमका तिथंच.

सुन्निवा टॉवेल घेऊन बाहेर आली तेव्हा
मी उभी राहत होते,
कशालाही न धरता.